पंचेचाळीस दिवसांचं मैदान

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रमैत्रिणींनी एका बागेत कवितावाचन करायचं ठरवलं. पंचवीस-तीस माणसं, दोन सतरंज्या, माईक नाही. तरीही परवानगी लागेल असं कळलं, म्हणून अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्याची एनओसी मागितली, दुसऱ्याने पहिल्याचं पत्र आणायला सांगितलं. होकार आला नाही, नकारही आला नाही. ठरलेला रविवार मात्र येऊन गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मोकळ्या सार्वजनिक जागेत जमायला परवानगी देणाऱ्याचा अधिकार नेमका किती? उत्तर शोधताना मी दरवेळी दादरच्या शिवाजी पार्कवर येऊन थांबले.

मुंबई महापालिकेने हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. सुमारे 28 एकर जागा. रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला घडवलं ते इथल्याच नेट्समध्ये. आणि याच मातीवर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या आचार्य अत्रे यांच्या सभा गाजल्या. 30 ऑक्टोबर 1966 रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा झाला, तोही इथेच. म्हणजे खेळ आणि सभा, दोघांचाही या जागेवर जुना हक्क.

पण मैदानाच्या चारही बाजूंना लोक राहतात. शाळा आहेत. भाषणांचा आणि भोंग्यांचा आवाज त्यांच्या घरात शिरतो. रहिवाशांची बाजू न्यायालयात गेली आणि 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. शांतता क्षेत्रात दिवसा आवाजाची मर्यादा 50 डेसिबल असते. आपलं साधं बोलणंच साधारण 60च्या आसपास जातं. 26 जानेवारी, 1 मे आणि 6 डिसेंबर या दिवसांना सवलत मिळाली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्यांना हे मैदानच आसरा देतं.

पुढे 2016 साली राज्य सरकारने हिशोब पक्का केला. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस. उरलेले 320 दिवस खेळणाऱ्यांचे. मला ही विभागणी चुकीची वाटत नाही. रोज मांडव पडला तर पोरांनी खेळायचं कुठे? पण दिवस मोजके झाले की ते वाटणाऱ्याच्या हातातला शिक्का जड होतो.

किती जड, ते 2022 साली दिसलं. शिवसेना फुटली होती. दसरा मेळाव्यासाठी ठाकरे गट आणि शिंदे गट, दोघांनीही ऑगस्टमध्येच अर्ज केले होते. महापालिका निर्णय देईना, म्हणून ठाकरे गट उच्च न्यायालयात गेला. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महापालिकेने दोन्ही अर्ज फेटाळले. कारण दिलं कायदा-सुव्यवस्थेचं. 23 सप्टेंबरला न्यायालयाने हा अधिकाराचा गैरवापर असल्याचं म्हटलं आणि ठाकरे गटाला परवानगी दिली. 5 ऑक्टोबरचा मेळावा शिवाजी पार्कवर झाला. शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला.

या निकालामागे एक जुना धागा आहे. 1969 साली अहमदाबादमध्ये हिंमतलाल शाह यांना विद्यार्थ्यांच्या संपासंदर्भात रस्त्यावर सभा घ्यायची होती. पोलिसांनी परवानगी नाकारली. कायदा होता 1951चा मुंबई पोलीस कायदा. तोच महाराष्ट्रात आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेलं. 1972 साली निकाल लागला. त्याचं सार असं: सभांसाठी नियम करता येतील, वेळ आणि जागा ठरवता येईल, पण सगळे रस्ते आणि मोकळ्या जागा सभांना बंद करता येणार नाहीत. आणि परवानगी कोणत्या कारणासाठी नाकारायची हेच न सांगणारा, सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही.

म्हणजे शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क संविधानाच्या 19व्या कलमाने आधीच दिलेला आहे. अर्जावरचा शिक्का त्या हक्काची व्यवस्था लावतो, हक्क देत नाही.

हे वाचून बरं वाटलं, पण आमच्या सतरंज्या आठवल्या. नकाराचं पत्र हातात असतं तर त्यावर तारीख असते, सही असते, कारण असतं. त्यावर भांडता येतं. अर्जावर नुसतं बसून राहिलं तर काय दाखवायचं? ठाकरे गट निर्णय येण्याआधीच न्यायालयात जाऊ शकला, कारण त्यांच्याकडे वकील होते. पंचवीस कवितावेडे कुठे जाणार?

म्हणून मला वाटतं, भांडण फक्त मोठ्या मैदानांसाठी नको. प्रत्येक बागेच्या फाटकावर पाटी हवी: अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि नाही म्हटलं तर लेखी कारण मिळेल.

आमची कविता त्या रविवारी शेवटी एका मैत्रिणीच्या गच्चीवर झाली. छान झाली. पण बागेत असती तर फिरायला आलेले चार अनोळखी लोकही थांबून ऐकत उभे राहिले असते.