उरलेले सात रुपये

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत ऐकली असेल. कोल्हापुरास शिकत असताना एका मित्राने त्यांना नाटकाला नेले. मित्र आपल्या खर्चाने नेत आहे, अशी गोपाळरावांची समजूत. पुढे त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा काही न बोलता त्यांनी ते देऊन टाकले. आणि तेवढी भरपाई तेलात व्हावी म्हणून खोलीतला दिवा विझवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. गोष्ट येथे संपते. मास्तर पुस्तक मिटतात आणि मुलांनी काटकसरीचा धडा घ्यावा अशी अपेक्षा धरतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तेथेच थांबत होतो. पण एकदा सहज मनात आले की, ते दोन आणे मुळात येत कोठून होते?

याचे उत्तर चरित्रकारांनीच दिलेले आहे. गोपाळरावांचे वडील कृष्णराव कागलला नोकरीस होते. १८७९ साली ते वारले. गोपाळ त्या वेळी तेरा वर्षांचा, आणि थोरले बंधू गोविंदराव जेमतेम अठरांचे. गोविंदरावांनी शिक्षण सोडले, कागललाच दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये दर महिन्याला धाकट्या भावाकडे पाठवू लागले. त्या आठ रुपयांचे पुढे काय झाले, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. १८८४ साली गोपाळराव अठराव्या वर्षी बी. ए. झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात ३५ रुपयांवर शिक्षक झाले, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करून त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षही झाले. आठ रुपयांचा इतिहास असा सविस्तर लिहिला गेला आहे. पण पंधरांतून आठ गेले की सात उरतात. आजचे आमचे बोलणे त्या सात रुपयांविषयी आहे.

त्या सात रुपयांचा जमाखर्च चरित्रांत सापडत नाही. तो लिहिण्याची कोणास गरजही वाटली नसेल. तथापि त्या काळच्या गरीब पांढरपेशा घराची चाल आपल्याला परकी नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातून ती आपल्यापर्यंत आली आहे. चुलीच्या अंगाला वैल असे. पुढे भाकरी भाजली जात असताना मागच्या वैलावर, निघून जाणाऱ्या आचेवर, आमटी शिजे किंवा पाणी तापे. म्हणजे एका जळणात दोन कामे. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे सकाळी काडी ओढावी लागत नाही. आणि विझलाच तर शेजारणीकडे पळी घेऊन विस्तव मागायला जायचे, त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. तांदूळ धुतलेले पाणी गुरांना, भाजीची देठे पातळ भाजीत, शिळी भाकरी ताकात कुस्करून सकाळच्या न्याहारीला. कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार आपण आज लेखनाला शोभा म्हणून वापरतो. तो ज्या स्वयंपाकघरात जन्मला तेथे कोंडा खरा होता.

आणि लुगड्याचे पाहा. नऊवारी लुगडे मध्ये विरले की ते मधोमध फाडून, काठाच्या मजबूत बाजू मध्ये आणून शिवून घ्यायचे. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर निघे. त्यानंतर त्याची गोधडी होई, गोधडीतून उरलेल्याची बाळाची दुपटी होत, आणि शेवटचा तुकडा पोतेरे होऊन जमीन सारवी. एका वस्त्राचे इतके जन्म ज्या हातांनी घडवले, त्या हातांना अर्थशास्त्र येत नव्हते असे कोण म्हणेल? न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्याने दिली ती योग्यच झाली. पण त्या शास्त्राचा एक वर्ग रोज पहाटे जात्याभोवती भरत असे, एवढेच आमचे म्हणणे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आम्ही गरिबीचे गोडवे गातो आहोत असा कोणाचा समज व्हायचा. काटकसर करायला मुळात हाताशी काही असावे लागते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतून जी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, त्यांनी काय वाचवायचे होते? त्यांच्या उपाशी राहण्याला साधी राहणी म्हणणे हा क्रूरपणा होईल. दुसऱ्या टोकाला रानड्यांचे घर. रमाबाईंनी आपल्या आठवणींत, आंबा समोर असताना न्यायमूर्तींनी दोन-चार फोडींवर हात कसा आवरला, ते लिहिले आहे. ती संयमाची गोष्ट आहे आणि सुंदरही आहे. पण ताटात फोडी शिल्लक होत्या. आमचा विषय या दोन टोकांच्या मधल्या घरांचा आहे, जेथे महिना पुरा होतो तो कोणी तरी आपला घास लहान केल्यामुळे.

गोपाळराव मॅट्रिक झाले तेव्हा घरात साहजिकच असा विचार निघाला की, आता मुलाने नोकरी धरावी आणि थोरल्याच्या खांद्यावरचे ओझे हलके करावे. त्या वेळी वहिनी पुढे झाल्या. कॉलेजच्या खर्चाला त्यांनी आपले दागिने देऊ केले. चरित्रांत या प्रसंगाला एक-दोन ओळी मिळतात. या सभागृहात गोखल्यांची जन्मतिथी सांगणारे पुष्कळ निघतील. त्या वहिनींचे नाव सांगणारे किती निघतील? पंधरातले आठ रुपये गोविंदरावांनी पाठवले हे खरे. पण सात रुपयांत संसार होतो, हे त्यांना रोज दाखवून देत होत्या त्या वहिनी. गोपाळराव हे ऋण विसरले नाहीत. ते पुण्यात मोठे झाले तरी थोरल्या बंधूंचे घर त्यांनी आपलेच मानले, आणि बंधूंच्या मागे त्या कुटुंबाचा भार उचलला.

दागिन्यांची हीच कथा पुढे साताऱ्यात पुन्हा घडली, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. धान्य संपले, पैसे संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून बाजारात गेले, आणि शेवटी मुले उपाशी निजू नयेत म्हणून त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही मोडले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई जातीपातीचा विचार न करता परक्यांच्या लेकरांना वाढत होती. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांना लोकांनी कर्मवीर म्हटले ते यथार्थच आहे. पण त्या पदवीत घरातल्या सोन्याचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

आता पुण्याकडे वळू. आगरकरांनी शिकत असताना आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचले आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी आपला वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार, असा त्याचा आशय. पत्र वाचून ऊर भरून येतो. पण टेंभूसारख्या गावात, मुलगा शिकून दिवस पालटतील या आशेवर दिवस काढणाऱ्या त्या माउलीने ते वाचून घेतल्यावर काय केले असेल, हा प्रश्न मास्तरांनी आम्हांला कधी विचारला नाही. व्रत मुलाने घेतले होते. उपास सगळ्या घराला घडणार होता.

तो घडलाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचे वेतन पुढे ७५ रुपये ठरले होते, आणि पुष्कळ वर्षे तेच राहिले. १८८७ साली दरमहा ५ रुपयांची वाढ असावी असा विषय निघाला. आगरकर वाढीच्या बाजूचे, टिळक विरुद्ध. टिळकांचे म्हणणे तत्त्वाला धरून होते. संस्था त्यागावर उभी केली आहे, एकदा सूट दिली की पाया खचतो. या दोन मित्रांच्या वादाची कारणे मोठी होती, आणि ती सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत हे पाच रुपये म्हणजे एक किरकोळ, किंबहुना जरा लाजिरवाणे कलम समजले जाते. आम्हांला ते लाजिरवाणे वाटत नाही. आगरकरांचा संसार वाढला होता. दम्याने त्यांची प्रकृती पोखरली होती. दूध, औषध, मुलांचे कपडे यांचा हिशेब यशोदाबाईंच्या चुलीपाशी होत होता, आणि तेथे पाच रुपये ही तत्त्वाची नव्हे, दुधाच्या रतिबाची बाब होती. त्यागाची मर्यादा बैठकीत ठरावी की माजघरात, हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच एका सार्वजनिक संस्थेच्या दप्तरात शिरला असे आम्ही समजतो. आगरकर १८९५ साली, चाळिशीही न गाठता, गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी एका पुरचुंडीत आधीच बांधून ठेवले होते असे सांगतात. त्या पुरचुंडीसाठी महिन्यामागून महिना काय काय वगळले गेले असेल, ते मात्र सांगणारे कोणी नाही.

१८९१ साली त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून धोंडो केशव कर्वे आले. अण्णांची शिस्त अशी की, मिळकतीच्या दर रुपयामागे एक पैसा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. आणे-पैशांची ती पद्धत १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा संपली. एक पैसा कोणालाही जाणवू नये इतका लहान. पण पुढे अण्णांनी आश्रम काढला, तेव्हा साठवलेली शिल्लक आणि ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. ही रक्कम घराला जाणवण्याजोगी होती. १८९३ साली पुनर्विवाह करून या घरात आलेल्या आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया. त्यांनी वैधव्य काय ते भोगले होते. आपल्या मागे मुलांचे कसे होईल, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवत, संध्याकाळी हिंगण्याच्या माळावर चालत जात, रात्री आश्रमात राहून सकाळी परत येत. पावसाळ्यात चिखल तुडवत जात. हे दृश्य आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि ते आदराने पाहण्याजोगे आहे. पण त्याच रात्री शहरातल्या बिऱ्हाडात बाया मुलांना घेऊन असत, आणि उद्याच्या भाजीची तजवीज त्यांची असे. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले, आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवली, आणि घरातील पैशाची ओढाताण 'माझे पुराण' या आपल्या आत्मकथनात आडपडदा न ठेवता सांगितली. त्या तक्रारीवरून कोणी त्यांना कोते म्हणू नये. ज्याला झळ लागते त्यालाच विस्तवाची उष्णता नेमकी सांगता येते. अण्णांचे 'आत्मवृत्त' आणि बायांचे 'पुराण' शेजारी शेजारी ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. एकाच घराच्या दोन वह्या असल्यासारखी ती वाटतात, एकीत जमा आणि दुसरीत खर्च. १९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळाले, तेव्हा बाया हयात नव्हत्या.

मग आपल्या घरांत या खर्चाची नोंद कोणी घेतलीच नाही काय? घेतली, पण फार चमत्कारिक रीतीने. पंगतीतून उठताना पाहुणा 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. हे म्हणणे ज्याने धान्य आणले त्याला पोचते. ज्याने ते निवडले, दळले, भाजले तो जीव त्या वेळी आत पातेल्याच्या तळाशी किती उरले ते पाहत असतो. दसऱ्याला आपण विळी-कोयत्याला झेंडूचे फूल वाहतो, पोळ्याला बैलाची पाठ थोपटतो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी पाटावर मांडून तिला हळदकुंकू लावतो. ज्या वस्तूने वर्षभर आपला केर काढला तिला एक दिवस लक्ष्मी म्हणायचे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याला कृतज्ञता ठाऊक नाही असे म्हणवत नाही. फक्त ती केरसुणी पाटावर मांडण्याचे कामही बहुधा केर काढणारीकडेच असते. असो.

इतिहासाच्या अभ्यासकाला अशा बाबतीत कागद लागतो, आणि घरचा कागद सर्वांत आधी रद्दीत जातो. सरदार घराण्यांची दप्तरे जपली गेली, संस्थांचे अहवाल छापले गेले. पण वाण्याच्या उधारीची वही, दूधवाल्याच्या रतिबाच्या खुणा असलेले कॅलेंडर, १९४० नंतरच्या दशकातले रेशनचे कार्ड, आजीने किराण्याच्या यादीमागे पेन्सिलीने केलेली बेरीज, यांना कोणी दप्तर म्हणत नाही. कागलच्या त्या घराचा सात रुपयांचा जमाखर्च यांपैकीच एखाद्या कागदावर असता. तेव्हा श्रोत्यांकडे आमचे एक मागणे आहे. आपल्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघराखालच्या फडताळात अशी एखादी वही असेल तर ती विकू नये. या व्याख्यानमालेच्या कचेरीत आणून दाखवावी. नक्कल करून घेऊन ती परत दिली जाईल. अक्षर लागत नसले तरी हरकत नाही, आणि पाने सुटली असतील तर सुतळीने बांधून आणावीत.