मंडईचा पाहुणा

वरठीच्या स्टेशनाला वरठीचं नाव नाही. पाटीवर ‘भंडारा रोड’ असं लिहिलेलं असतं आणि भंडारा शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर दूर. नागझिऱ्याचा वाघ बघायला येणारे काही प्रवासी इथे उतरतात, गाडी करून जंगलाशेजारच्या रिसॉर्टवर जातात, सफारी करून परततात. वाटेतली धानाची बांधी, तलाव आणि माणसं त्यांना गाडीच्या काचेतून दिसतात तेवढीच. एअरबीएनबी या कंपनीने २०१६ साली जगभर जाहिरात केली होती की, नुसते फिरायला जाऊ नका, तिथलेच होऊन राहा. परमुलखातल्या माणसाला चार दिवस आपलं करून घेण्याची रीत या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, फार आधीपासून चालत आली आहे. तिचं नाव मंडई.

मंडई कुणा एकाने सुरू केली नाही. ती धानाच्या शेतीतून आली, असं मला वाटतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने पाणी अडवून इथे तलावांची साखळी उभी केली. पूर्वी भंडाऱ्यात असलेला आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांधचा तलाव त्यांतलाच. पाणी आलं तसा धान आला आणि धानाबरोबर कष्टांचं एक वेळापत्रकही आलं. पऱ्हे उपटायचे, चिखलात वाकून रोवणा करायचा, निंदायचं. या दिवसांत कुणाला कुणाकडे जायची सोय नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र हलका धान कापून होतो, भारी धान अजून उभा असतो. मधे थोडी उसंत मिळते आणि घरात नवा तांदूळ आलेला असतो. पाहुणा बोलवायची वेळ हीच.

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन होतं. वर्षभर गावाची गुरं राखणारे गोवारी त्या दिवशी मानाचे असतात. गाई सजवतात, ढाल पूजतात, वाजतगाजत गावातून फिरतात. भाऊबीज उलटली की गावोगावी मंडई भरू लागते. सीमेपलीकडे बालाघाट-मंडल्यात आणि थेट छत्तीसगडात हीच जत्रा मडई म्हणून भरते. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. मंडईचं गोत त्याहून मोठं आहे.

या रिवाजातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे तारखा. जवळपासच्या गावांच्या मंडया सहसा एकाच दिवशी येत नाहीत. आज या गावची, उद्या पलीकडची, परवा आणखी कुठली. त्यामुळे आजचा यजमान उद्याचा पाहुणा होतो. ज्याच्या घरी आपण जेवलो, तो दोन दिवसांनी आपल्या ओसरीवर बसलेला असतो. कुणावर उपकार राहत नाहीत आणि कुणी कायमचा परकाही राहत नाही. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांबरोबर त्यांचे मित्र येतात. उपवर मुलामुलींकडे मोठ्यांचं लक्ष असतं. कितीतरी सोयरिकी मंडईतच जुळल्या आहेत. ‘चला जी जेवाले’ अशी हाक आली की आपण कोण, कुठले, हे जेवता जेवता विचारलं जातं, आधी नाही.

दिवसा बाजार. सिंगाडे, ऊस, बांगड्या, खेळणी. भर दुपारी दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, उभी राहते. खडी गंमतीचा शाहीर ढोलकीच्या साथीने सवाल-जवाब करतो आणि बायकी सोंग घेतलेला पुरुष गर्दीला हसवतो. रात्री नाटक.

नाटकाची कुळी जरा वेगळी. हिवाळ्यात इथे शंकरपट भरायचे, बैलजोड्यांच्या शर्यती. पटाला दूरदूरची माणसं यायची, रेंग्या-खासरांनी, म्हणजे बैलगाड्यांनी यायची. अंधार पडल्यावर त्यांनी जायचं कुठे? मग गावाने रात्रीसाठी नाटक ठेवलं. आधी गावातलीच पोरं नटायची. पुढे मंडळ्या झाल्या, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं केंद्र झालं आणि झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र जागू लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्यानंतर पट थांबले. नाटक थांबलं नाही. बैलांसाठी आलेल्या पाहुण्याच्या सोयीखातर जन्मलेली कला तोवर आपल्या पायांवर उभी राहिली होती. शर्यतींना २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. त्याच वर्षी झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. या रंगभूमीची दखल दिल्लीने इतक्या उशिरा घ्यावी, याची मला खंत आहे.

आगगाडीने या येण्याजाण्याचा पल्ला वाढवला. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज रूळ १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावला पोचला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे रुंद केला. बैलगाडीच्या टप्प्याबाहेरची लेक मंडईला माहेरी येऊ लागली ती अशी. वरठीत आता सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. नोकरीनिमित्त लांबून आलेल्यांनाही शेजाऱ्यांकडून मंडईचं आवतण असतं.

पैसे घेऊन होणारा पाहुणचारही आता आला आहे. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडे २००५ पासून शेतावरचा मुक्काम रुजवला होता, त्याला त्यातून बळ मिळालं. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, हे चांगलंच आहे. पण मंडईला दरपत्रक लागू नये, असं मला मनापासून वाटतं. पैसे दिले की हिशोब तिथेच मिटतो. मंडईत तो मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, पुढच्या भेटीसाठी.

सोयरा नसला तरी वाट आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात झाडीपट्टीचा एखादा सहकारी असतोच. दिवाळीनंतर तो आणखी चार दिवस रजा का मागतो, हे त्याला विचारावं आणि त्याच्याबरोबर निघावं. सोबत स्वेटर आणि चादर घ्यावी, नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि बसायचं जमिनीवर. कॅमेरा पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्यावा. सकाळी यजमान पलीकडच्या गावच्या मंडईला निघेल, तेव्हा त्याच्या मागे बसावं. तिथे तोही पाहुणाच असतो, आणि त्याच्यासाठी वाढलेल्या पंगतीत आणखी एक ताट धरलेलंच असतं.