अळीव
अळीव : (सं. चंद्रशूर, हिं. हालिम, लॅ. लेपिडियम सॅटायव्हम, कुल–क्रुसीफेरी). मोहरी, मुळा व कोबी यांच्या कुलातील ही लहान ओषधी वर्षायू, म्हणजे एका वर्षाच्या आत जीवनक्रम पुरा करणारी, असून तिचे मूलस्थान नैर्ऋत्य आशिया व इथिओपिया यांच्या परिसरात असावे, असे मानतात. हिंगोली जिल्ह्यात, कयाधू व पैनगंगा यांच्या काळ्या जमिनीच्या खोऱ्यांत, या कुलातील थंडीप्रिय वनस्पतींना रब्बी हंगामच मानवतो. तेथील घरांत अळीव ओळखीचे आहे ते मुख्यतः बाळंतिणीच्या लाडवांमुळे.

खोड सरळ, गुळगुळीत व १५ ते ६० सेंमी. उंच, खालची पाने पिसासारखी विभागलेली, वरची अरुंद व बिनदेठाची. फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी व फारच लहान असून त्यांत क्रूसाकृती मांडलेल्या चार पाकळ्या आणि सहा केसरदले (पुंकेसर) असतात. त्यांपैकी दोन आखूड व चार लांब असणे हे सबंध कुलाचे लक्षण होय, जरी याच प्रजातीच्या अनेक जातींत केसरदले चार किंवा दोनच उरतात.

प्रजातीची खरी ओळख फळावरूनच पटते. मोहरीच्या लांब शेंगेऐवजी येथे लहान, चपटे, अंडाकृती फळ येते, त्याच्या टोकाला खाच असते आणि आतील पातळ पडद्यामुळे झालेल्या दोन्ही कप्प्यांत प्रत्येकी एकच बी असते. फळ या पडद्याला काटकोनात दबलेले असल्याने पडदा अरुंद राहतो. हिमालयाच्या उंच उतारांवर दाट, बुटक्या गाद्यांसारखी वाढणाऱ्या ड्राबा या त्याच कुलातील प्रजातीत मात्र फळ पडद्याला समांतर दबलेले, पडदा रुंद आणि बिया सामान्यतः अनेक असतात. फळे वरवर सारखी दिसली तरी हा भेद निर्णायक ठरतो. लेपिडियमच्या काही जातीही उंच पर्वतांवर वाढतात. पेरूच्या अँडीज पर्वतात सुमारे ४,००० मी. उंचीवर कंदासारख्या मुळासाठी लावली जाणारी माका ही त्यांपैकी एक.

बी तांबूस तपकिरी असते. त्याच्या आवरणातील बाह्य पेशींत पाणी शोषून फुगणारी बहुशर्करा असल्याने भिजताच प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो; हा थर बीजाला मातीशी चिकटवून ओलावा धरून ठेवतो आणि लाडवांसाठी नारळाच्या पाण्यात किंवा दुधात भिजवलेले अळीव फुगून येतात तेही त्यामुळेच. रुजल्यावर दलिका (बीजातील पहिली पाने) प्रत्येकी तीन खंडांत विभागलेल्या दिसतात. पाने चावल्यास तिखट लागतात, कारण पेशी फुटल्यावर त्यांतील गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट या संयुगावर मायरोसिनेज या एंझाइमाची क्रिया होऊन झणझणीत द्रव्य निर्माण होते.