उरलेल्याचा पुरुषार्थ

दिवाळीच्या अंकात, चकली-अनारशांच्या ताटाशेजारी बसून वाचण्यासाठी कोणी मूत्रपिंडाचा इतिहास लिहावा, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण आमच्या अंबडसारख्या गावी चार ठिकाणी पांगलेली घरची माणसे एकत्र येतात ती याच दिवसांत, आणि कोणाला काय दुखणे झाले, कोणाचे ऑपरेशन झाले, याची चौकशीही याच दिवसांत होते. "त्याची अर्धी किडनी काढली म्हणे. गेला बिचारा कामातून!" हे वाक्य मी मत्स्योदरीच्या पायथ्याशी अनेक ओसऱ्यांवर ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात कळवळा असतो. पण ज्याच्याविषयी बोलले जाते त्याची सोयरीक मोडते, नोकरी जाते, कधी शेताची वाटणी आधीच उरकून घेतली जाते. म्हणून हे वाक्य खरे की खोटे, हे पाहणे भाग आहे. मी वैद्य नव्हे, कथा-कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. तेव्हा उत्तर इतिहासातच शोधले.

मूत्रपिंड म्हणजे मटणाच्या दुकानात आपण ज्याला गुर्दा म्हणतो तेच. माणसाला असे दोन असतात; प्रत्येक मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा. एकेकात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकून बाकीचे रक्ताला परत करतात. असा हा काटेकोर कारभारी!

या जोडीपैकी एक काढून टाकला तर माणूस जगेल काय? हे आधी ठरवून, जाणूनबुजून करून पाहण्याचे धैर्य १८६९ पर्यंत कोणी दाखविले नव्हते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मार्गारेठा क्लेब नावाची कपडे धुऊन पोट भरणारी बाई होती. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची एका बाजूची मूत्रनलिका दुखावली होती आणि मूत्र भलत्याच वाटेने सतत झिरपत असे. सगळे उपाय थकले. तेव्हा गुस्टाव्ह सिमोन या शस्त्रवैद्याने ते मूत्रपिंडच काढण्याचे ठरविले. पण घाई केली नाही. आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो याची खात्री करून घेतली. २ ऑगस्ट १८६९ रोजी शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली आणि बरी होऊन घरी गेली. त्या गरीब बाईच्या देहाने साऱ्या जगाला एक धडा दिला.

हे घडते कसे? नवीन गाळण्या जन्मास येत नाहीत. गेल्या त्या गेल्याच. परंतु उरलेल्या गाळण्या आकाराने वाढतात, त्यांतून अधिक रक्त वाहू लागते आणि प्रत्येक गाळणी पूर्वीपेक्षा जास्त काम उचलते. त्यामुळे निरोगी माणसाचे एक मूत्रपिंड काढले, तर एकूण काम निम्म्यावर न राहता काही काळाने पूर्वीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर येते. घरातला एक भाऊ परगावी गेला की दुसरा दोघांचे शेत पाहतो, तसेच हे!

याची सर्वांत मोठी साक्ष अवयवदात्यांनी दिली. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे रोनाल्ड हेरिकने आपले एक मूत्रपिंड जुळ्या भावाला, रिचर्डला दिले. रिचर्डला त्यामुळे आठ वर्षांचे आयुष्य लाभले. देणारा रोनाल्ड मात्र एकाच मूत्रपिंडावर छप्पन्न वर्षे जगून २०१० मध्ये वारला. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृताचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

आता अर्ध्या किडनीची गोष्ट. गाठ एका कोपऱ्यात असेल तर सगळे मूत्रपिंड का काढावे? हा प्रश्न सिमोनच्या गादीवर आलेल्या व्हिन्सेंझ चेर्नीने हायडेलबर्गमध्येच सोडविला. १८८७ साली त्याने फक्त गाठीचा भाग कापला आणि बाकीचे राखले. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांतून वाहतो. तेथे सुरी लावणे म्हणजे भरल्या कालव्याचा बांध फोडणे. रक्तस्राव आणि मूत्रगळती यांच्या भीतीने ही रीत मागे पडली. पुढे १९६३ साली टोरांटोच्या रॉबसनने कर्करोगासाठी आसपासच्या चरबीसह संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची पद्धत मांडली, आणि पुष्कळ वर्षे तीच प्रमाण मानली गेली. शतक सरता सरता दृष्टी पालटली. काय काढले यापेक्षा काय राखले, हे मोजले जाऊ लागले. आज गाठ चार सेंटिमीटरच्या आत असेल आणि जागा सोयीची असेल, तर बहुधा तेवढाच भाग काढतात.

अशा वेळी सर्जन मूत्रपिंडाची रक्तवाहिनी काही मिनिटे चिमट्याने बंद करतो. वेळ पंचवीस-तीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये, अशी दक्षता असते. जास्त लागणार असेल तर मूत्रपिंड बर्फाने गार करतात. नंतरच्या दिवसांत रक्तातील क्रिएटिनीनचा आकडा चढतो आणि घरचे घाबरतात. पण दमलेल्या गाळण्या हळूहळू सावरतात, आकडा उतरतो, आणि काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, तो बहुधा स्थिरावतो. शेवटी किती सुधारणा होईल, हे मुख्यतः निरोगी भाग किती उरला यावर ठरते. येथे अतिशयोक्ती नको. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत, भाग राखलेल्यांचे आयुष्य संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांपेक्षा अधिक भरले नाही.

तरी उरलेल्याची किंमत काय, हे सारेच गेल्यावर कळते. १९७५ च्या आणीबाणीतील कैदेतून सुटलेल्या जयप्रकाशजींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे रक्त यंत्रावर शुद्ध करावे लागले, आणि त्यांच्यासाठी यंत्र घ्यावे म्हणून लोकांनी वर्गणी जमविली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास निधन होईपर्यंत त्यांना यंत्राचाच आधार होता.

तेव्हा भाऊबीजेला ओवाळताना घरात कोणी अर्ध्या किडनीचा भाऊ असेल, तर त्याला "कामातून गेला" म्हणू नका. डॉक्टरांनी मुभा दिली की त्याला त्याचे काम करू द्या. त्याची साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा, अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नका, आणि रक्त-लघवीची तपासणी चुकवू देऊ नका. उरलेला गुर्दा आपले काम करीतच असतो. त्याच्यावर जास्तीचे ओझे तेवढे आपण घालू नये.