ट्रान्झिट कॅम्पातला मुक्काम

1979 च्या जुलैत व्हिएतनाममधून होड्यांनी निघालेल्या निर्वासितांसाठी जिनिव्हात 65 देशांचे प्रतिनिधी जमले, तोवर मलेशिया आणि थायलंड आपल्या किनाऱ्यावर आणखी माणसे उतरू द्यायला तयार नव्हते. तोडगा निघाला तो ‘तात्पुरते’ या शब्दाच्या आधारावर. शेजाऱ्यांनी तात्पुरता आसरा द्यायचा आणि अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी त्या लोकांना पुढे कायमचे न्यायचे. दूरच्या देशांनी कबूल केलेल्या जागा सव्वा लाखावरून 2 लाख 60 हजारांवर गेल्या, तेव्हा कुठे किनारे उघडले. निर्वासितांना दार उघडते ते बहुधा याच शब्दामुळे, असे माझे मत आहे. पण पुढची जबाबदारी कोणाची हे त्याच वेळी ठरले नाही, तर तो शब्द आसरा घेणाऱ्याच्याच अंगावर पडतो. याचा पुरावा जिनिव्हात शोधायची गरज नाही, तो कल्याणला आहे.

फाळणीत पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. पूर्व पंजाबात मुसलमानांनी सोडलेली शेते आणि घरे पश्चिमेकडून आलेल्यांना वाटता आली. सिंधी हिंदूंच्या वाट्याला भारतात असा कोणताच प्रांत नव्हता. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतल्या दंगलीनंतर हे लोक बोटींनी मुंबई आणि काठेवाडच्या बंदरांवर उतरू लागले, आणि त्यांना सामावून घ्या म्हणून प्रांतांची मनधरणी सुरू झाली. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारपुढे आधीच गर्दीने भरलेले शहर होते. मुंबई प्रांताने 1948 मध्ये कायदा करून निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली. तिकडे भाई प्रताप आणि आचार्य कृपलानी यांनी कच्छच्या महारावांकडून 15 हजार एकर जमीन मिळवून गांधीधाम आखले. पण शहर आखून, बांधून उभे राहायला वर्षे लागतात आणि बोटी तेवढ्या थांबत नाहीत. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेला लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प मात्र तयार होता. दोन हजारांहून अधिक रिकाम्या बराकी आणि बाजूला मुंबईकडे जाणारी रेल्वे. सुमारे लाखभर माणसे तिथे गेली.

यावर कोणी म्हणेल की ही तुलनाच चुकीची आहे, सिंधी लोक आपल्याच देशात आले होते, त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे, आणि तो मोठा फरक आहे. भारतात येण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारला नाही. पण देशात येणे वेगळे आणि एखाद्या गावाने, प्रांताने ‘इथे राहा’ म्हणणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी सिंधी पुढाऱ्यांनाही दारोदार जावेच लागले. उलट व्हिएतनामींना जे मिळाले ते त्यांना मिळाले नाही: पुढे नेणारा तिसरा कोणी. वाटेतला थांबा हाच मुक्काम ठरला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कॅम्पाचे नामकरण झाले, शेजारच्या उल्हास नदीवरून उल्हासनगर. 1960 मध्ये तिथे नगरपालिका आली. शिपाई काही दिवस टेकावेत म्हणून बांधलेल्या लांबलचक बराकींत पडदे आणि पत्रे लावून कुटुंबांनी खोल्या पाडल्या, आणि त्याच जागेतून कापडाचे, फर्निचरचे, कारखान्यांचे शहर उभे राहिले. त्या माणसांच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे. मात्र त्या कष्टांचे श्रेय पुनर्वसनाच्या योजनेला देऊ नये.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. निकड एवढी असताना कागदावर कायमची व्यवस्था ठरवत बसायला वेळ कोणाला होता? आधी छप्पर, मग बाकीचे. हे मान्यच करायला हवे, बराकी नसत्या तर पावसाळे उघड्यावर गेले असते. पण ‘मग’ ठरवून ठेवले नाही की त्याची किंमत कोणीतरी दीर्घकाळ मोजतो, आणि तो कोणी नेहमी निर्वासितच असतो असेही नाही. याच कल्याण-मलंगगड पट्ट्यात नेवाळीला महायुद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. युद्धाची गरज संपली की त्या परत मिळतील, अशी त्यांची समजूत होती. जून 2017 मध्ये त्यांचे वारस त्याच जमिनींसाठी रस्त्यावर उतरले. उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात.