कॉलर आणि स्प्रेड

कॉलर आणि स्प्रेड या विकल्प व्यवहारांतील दोन प्रचलित व्यूहरचना होत. ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने खरेदी करण्याच्या हक्कास कॉल, तर विक्री करण्याच्या हक्कास पुट म्हणतात. या हक्काची किंमत म्हणजे अधिमूल्य. बाजारात त्यास प्रीमियम असे संबोधले जाते. दोन्ही रचनांत एक विकल्प विकत घेऊन दुसरा विकला जातो. जोखीम सीमित होते, परंतु नफ्यालाही सीमा पडते.

पार्श्वभूमी

मुंबईच्या बाजारात असे सौदे 'तेजी-मंदी' या नावाने परिचित होते. तेजी म्हणजे कॉल आणि मंदी म्हणजे पुट. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कापसातील विकल्पांवर कायद्याने बंदी घातली. पुढे १९५२ च्या वायदा करार कायद्याने वस्तूंमधील, तर १९५६ च्या रोखे करार कायद्यातील कलम २० ने रोख्यांमधील विकल्प निषिद्ध ठरविले. हे कलम १९९५ मध्ये वगळण्यात आले. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकावरील विकल्प ४ जून २००१ रोजी व निवडक शेअरांवरील विकल्प २ जुलै २००१ रोजी सुरू झाले.

रचना

एका काल्पनिक शेअरचा भाव १,००० रुपये मानू. तो शेअर जवळ असलेल्याने ९५० चा पुट २० रुपयांना घेतला आणि १,०६० चा कॉल १८ रुपयांना विकला, तर कॉलर तयार होते. निव्वळ खर्च २ रुपये, कमाल तोटा ५२ रुपये, कमाल नफा ५८ रुपये. भाव ७०० पर्यंत कोसळला तरी तोटा ५२ च राहतो; १,३०० झाला तरी नफा ५८ च्या पुढे जात नाही.

शेअर जवळ नसताना १,००० चा कॉल ४० रुपयांना घेऊन १,०६० चा कॉल १८ ला विकणे हा स्प्रेडचा एक प्रकार. येथे कमाल तोटा २२ व कमाल नफा ३८ रुपये.

मूल्यमापन

३८ विरुद्ध २२ हे गुणोत्तर आकर्षक दिसते, पण केवळ त्यावरून निर्णय घेणे भ्रामक ठरते. भाव मुदतीपर्यंत १,०२२ च्या वर न गेल्यास हा व्यवहार नफ्यात येत नाही. भाव आहे तिथेच राहिला तर सर्व २२ रुपये जातात. कॉलरधारकाचा त्या स्थितीत केवळ २ रुपयांचा खर्च होतो. म्हणून नफ्या-तोट्याच्या कमाल मर्यादांबरोबर समतोल भाव आणि तो गाठण्याची शक्यता यांचाही विचार करावा लागतो. दलाली व कर दोन्ही विकल्पांवर पडतात, हे कागदावरील हिशेबात बहुधा सुटते.

दुसरी बाब सुपूर्दगीची. ऑक्टोबर २०१९ पासून भारतात सर्व शेअर विकल्पांची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. वरील स्प्रेडमध्ये भाव मुदतीच्या दिवशी १,०४० वर थांबल्यास १,००० चा कॉल बजावला जातो आणि १,०६० चा निरर्थक ठरतो. ग्राहकाला संपूर्ण लॉटचे पैसे उभे करावे लागतात. 'मर्यादित तोटा' या शब्दांत ही अडचण दिसत नाही. उलट, कॉलरसाठी लॉटएवढे शेअर हाती असावे लागतात. थोडे शेअर बाळगणाऱ्यास ती उपलब्धच नसते.

वेगवेगळ्या मुदतींच्या विकल्पांतून होणाऱ्या स्प्रेडला तारण रकमेत मिळणारी सवलत सेबीने १ फेब्रुवारी २०२५ पासून मुदतसमाप्तीच्या दिवसापुरती काढून घेतली. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व विकल्पांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या.

शेतमाल

भावाच्या घसरणीपासून संरक्षणाची सर्वाधिक निकड शेतकऱ्यास असते. मात्र नाशिक जिल्ह्यातील कांदा व द्राक्षे यांवर भारतीय बाजारांत विकल्प करार नाहीत. लासलगावच्या कांदा उत्पादकास आपल्या मालाची कॉलर बांधता येत नाही. जिल्ह्यात पिकणाऱ्या सोयाबीनचे वायदे व विकल्पही सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी स्थगित केले आणि त्या स्थगितीस पुढे वारंवार मुदतवाढ मिळाली.