मोडलेल्या पायऱ्यांचा मुलूख

मुंबईत जन्मलेला, तेथेच शिकून नोकरीला लागलेला आणि गेली पंधरा वर्षे आपले बहुतेक शनिवार-रविवार सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांत काढणारा माझा एक तरुण स्नेही गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. घरी बसून संगणकावर काम करण्याची मुभा त्याला कचेरीने कायमची दिली होती आणि त्यामुळे मुंबईतले बिऱ्हाड मोडून एखाद्या डोंगरी गावात जाऊन राहण्याचा विचार त्याच्या मनात पक्का होत चालला होता. मनाली, उत्तरकाशी, लोणावळा, जुन्नर अशी चार नावे त्याने कागदावर लिहून आणली होती. कड्याची जवळीक, घरभाडे, वीज, दवाखाना असे रकाने आखून त्यापुढे खुणाही केल्या होत्या. “काका, तुम्ही या मुलखातले. जुन्नरविषयी तुमचे काय मत?” असे त्याने विचारले तेव्हा मी उत्तर न देता त्याला खोडदजवळच्या नारायणगडावर घेऊन गेलो, कारण डोंगराजवळची जागा पारखून घ्यावी कशी, याचा आमच्या भागातला सर्वांत काटेकोर दाखला त्या गडावरून दिसतो.

गडाच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले की कांद्याच्या आणि उसाच्या शेतांतून डोके वर काढून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढुरक्या, जाळीदार परड्या नजरेस पडतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, एकूण संख्या 30; त्यांपैकी 14 खोडदच्या परिसरात एकमेकींच्या निकट आणि उरलेल्या 16 तीन दिशांना फाकलेल्या तीन लांब भुजांवर, अशी त्यांची मांडणी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी 1970 साली उटीच्या डोंगरउतारावर रेडिओ दुर्बीण उभी करून दाखवल्यानंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणीसाठी जागा हवी होती, आणि तिच्याविषयीच्या त्यांच्या अटी कोणत्याही घर शोधणाऱ्या माणसाच्या अटींहून कडक होत्या. मनुष्यनिर्मित रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असावा, भोवतीच्या टेकड्यांनी शहरांकडून येणारे संदेश अडवावेत, वाऱ्याचा जोर बेताचा असावा, बर्फ पडू नये, चुंबकीय विषुववृत्तापासून जागा इतकी उत्तरेला असावी की वरचा आयनांबराचा थर शांत राहील, तरीही इतकी दक्षिणेला असावी की दक्षिण आकाशाचा मोठा भाग दिसेल, आणि शिवाय पुण्यासारखे विद्येचे शहर हाताशी असावे. या साऱ्या अटी खोडदला पुऱ्या झाल्या. त्याआधीही, 1971 साली, याच तालुक्यातील आर्वी येथे उपग्रहाद्वारे परदेशांशी दळणवळण साधणारे देशातले पहिले भूकेंद्र उभे राहिले होते आणि तेथेही डोंगरांचा आडोसा हेच मोठे आकर्षण होते. आमच्या स्नेह्याला डोंगर हवा होता तो चढण्यासाठी. या मंडळींना तो हवा होता भिंत म्हणून. एकाच डोंगराकडे दोन दृष्टींनी पाहता येते, हे त्याला प्रथम दाखवावे एवढाच माझा हेतू होता.

जुन्नरच्या डोंगरांची निवड मात्र खोडदपासून सुरू झालेली नाही. पुण्यापासून वरच्या घाटमाथ्यावरील खोऱ्यांना मावळ म्हणतात तसे आमच्याकडच्या खोऱ्यांना नेर म्हणण्याचा जुना प्रघात आहे. मीना नदीचे मीननेर, घोड नदीचे घोडनेर, भीमेचे भीमनेर. आणि जुन्नर, शिवनेर या नावांतही तोच ‘नेर’ ऐकू येतो. या नेरांच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाटावर आणण्यासाठी सातवाहनांच्या काळात कातळ फोडून ही वाट केली. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा यज्ञांची आणि दानांची नोंद करणारा शिलालेख आहे, राजकुटुंबाच्या शिल्पांची आता केवळ पावले शिल्लक आहेत, आणि घाटाच्या तोंडाशी तो अजस्र दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असे परंपरा सांगते. व्यापारी आले म्हणून दाते आले, दाते आले म्हणून भिक्षू आले. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांच्या कड्यांतून कोरलेल्या लेण्यांची संख्या इतकी मोठी आहे की एका गावाभोवती इतकी लेणी अन्यत्र क्वचितच सापडतील. भिक्षूंनी कडा निवडला तो पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहण्यासाठी. आपल्याकडे डोंगरावर मुक्काम करण्याची पहिली शिस्तबद्ध पद्धत त्यांचीच, आणि तिच्यात पाण्याचे टाके आधी व झोपण्याचा ओटा नंतर असा क्रम होता, हे त्यांच्या विहारांशेजारची टाकी पाहणाऱ्यास सहज उमगते.

पुढच्या शतकांत निवडीची कारणे बदलली. मलिक अहमदाने 1490 साली बहामनी सत्तेपासून फुटून निजामशाही स्थापन केली तेव्हा त्याचे ठाणे जुन्नरलाच होते. परंतु चारच वर्षांत त्याने मोकळ्या पठारावर अहमदनगर वसवायला घेतले आणि राजधानी जुन्नरहून हलली. उलट शहाजीराजांना धावपळीच्या काळात गरोदर जिजाबाईंसाठी सुरक्षित जागा हवी होती तेव्हा त्यांनी शिवनेरीच निवडली, आणि 19 फेब्रुवारी 1630 रोजी तेथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. सात दरवाजे, गंगा-जमुना टाक्यांचे बारमाही पाणी आणि विश्वासू किल्लेदार एवढ्या तीन गोष्टींवर ती निवड उभी होती. चावंड गडावर 1594 साली बहादूर निजामशहा हे मूल कोंडले गेले. जीवधनावर तशाच एका राजपुत्राला ठेवले होते, ज्याला शहाजीराजांनी सोडवून पेमगिरीवर तख्तावर बसवले. म्हणजे एकाच रांगेतला एक गड माहेर ठरला आणि दुसरे दोन तुरुंग ठरले. 1675 साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराने बोलावलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून येताना भलत्याच अवघड वाटेने घाट चढला आणि परतताना मात्र नाणेघाटाने सुखरूप उतरला. सह्याद्रीत वाटाड्या चुकला की काय होते, याची त्याच्याइतकी जुनी लेखी साक्ष आमच्या भागात विरळाच. एकोणिसाव्या शतकात डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी हिवऱ्याची जमीन पसंत केली, आणि पुढे तोच मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला.

परंतु ज्या एका घटनेपाशी मी माझ्या स्नेह्याला थांबवू इच्छित होतो, ती 1818 सालची आहे. कारण आज गिर्यारोहकांना या मुलखाचे जे वेड लागलेले आहे, त्याचा एक मोठा अंश त्या वर्षाच्या उन्हाळ्यात घडला. पेशवाईचा अंत होत असताना मेजर एल्ड्रिजची तुकडी जुन्नरच्या गडांवर चालून आली. चावंडावर सुमारे दीडशे तोफगोळे पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिबंदीने गड खाली केला आणि पाठोपाठ जीवधनही इंग्रजांच्या हाती गेला. गड घेऊन भागणार नव्हते. ते पुन्हा कोणी लढवू नये अशी तजवीज करणे कंपनी सरकारला अगत्याचे वाटत होते. प्रत्येक गडावर फौज ठेवणे खर्चाचे, म्हणून त्यांनी स्वस्त उपाय योजला: सुरुंग लावून वाटाच उडवून दिल्या. शतकानुशतके छिन्नीने एकेक करून खोदलेल्या कातळातल्या पायऱ्या काही क्षणांत दरीत गेल्या. जीवधनाच्या कड्यात आणि चावंडाच्या मार्गावर पायऱ्यांची ओळ मध्येच तुटते आणि पुढे उभा, गुळगुळीत कातळ लागतो. तरुण मंडळी ज्याला ‘रॉक पॅच’ म्हणतात, जेथे दोर लावतात, एकमेकांना सांभाळत चढवतात आणि वर पोहोचल्यावर आनंदाने आरोळी देतात, ती जागा निसर्गाने घडवलेली नाही. ती एका लष्करी हुकुमाने घडलेली आहे.

त्या हुकुमाची दुसरी बाजू माणसांच्या पोटाशी संबंधित होती. या गडांची आणि घाटांची राखण पिढ्यान् पिढ्या महादेव कोळी नाईकांकडे होती. घाटावर पहारा, गडावर चाकरी, त्याबद्दल वतन किंवा मुशाहिरा अशी त्यांच्या संसाराची घडी बसलेली होती. पायऱ्या उडाल्या, शिबंदी मोडली, नेमणुका कमी झाल्या, आणि दहाएक वर्षांनी, 1828 ते 1830 या काळात, याच डोंगरांतून कोळ्यांचा उठाव झाला. पुढे राघोजी भांगरे यांच्या बंडाची परिणती 1848 साली त्यांच्या फाशीत झाली. ज्यांचे हात त्या पायऱ्यांवरून रोज वर-खाली जात होते, त्यांच्या मुलानातवंडांना डोंगर हा मिळकतीचा विषय उरला नाही. ते खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरई लावून जगू लागले. मला या गोष्टीचे दुःख होते ते यासाठी, की आमच्या गडांच्या इतिहासात राजे आणि लढाया यांना पाने मिळाली, पण पायरी सांभाळणाऱ्यांना ओळही मिळाली नाही.

आल्प्समध्ये याच्या नेमके उलट घडले. 1786 साली माँ ब्लाँचे शिखर सर झाले ते शामोनीच्या एका डॉक्टराने आणि डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणाऱ्या जाक बाल्मा याने. आणि 1821 साली त्याच गावात वाटाड्यांचा रीतसर संघ स्थापन झाला. डोंगरावर जगणाऱ्याच्या विद्येला तेथे वेळेवर धंद्याचे रूप मिळाले. आमच्याकडे जो शौक आला तो शहरातून आला. 1953 साली एव्हरेस्ट सर झाले, 1954 साली दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही संस्था उदयास आली. शनिवारी रात्री निघावे, पहाटे एसटीने घाटघरला उतरावे, जीवधन चढावा आणि रविवारी रात्री परत गिरणगावात पोहोचावे, अशी एक पिढी निर्माण झाली. गो. नी. दांडेकरांनी गडांवरची भ्रमंती मराठी वाचकांच्या घराघरांत नेली. जीवधनाशेजारच्या वानरलिंगी सुळक्याला मुंबईकर ‘खडा पारशी’ म्हणू लागले. भायखळ्याला त्याच नावाचा उभा पुतळा आहे, तेव्हा ते नाव कोठून आले हे सांगायला नको. प्रस्तरारोहणाची आमच्याकडची बरीचशी परीक्षा त्या सुळक्यावर झालेली आहे.

2018 साली शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. 2025 साली मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यातील बारा किल्ल्यांत शिवनेरीचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. जमिनीचे भाव त्याबरोबर चढू लागले आहेत, आणि घाटमाथ्याकडे तोंड करून बांधलेली शेतघरे प्रत्येक वर्षी अधिक उंचावर दिसू लागली आहेत. यानिमित्ताने मी स्नेह्याला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे चिखलाखाली गेली. तेथे राहणारे लोक उपरे नव्हते. पिढीजात डोंगर जाणणारे होते. उताराला सपाट केले, पाणी मुरत राहिले आणि संततधारेने माती सैल झाली की डोंगर कोणाची ओळख ठेवत नाही. कड्याच्या जवळिकीचा रकाना ज्याने आखला आहे, त्याने त्याच्या शेजारी पाणी कोठे जिरते आणि कोठून वाहते याचा रकाना आखलाच पाहिजे. उसात बिबट्याचा वावर आहे, तो रात्री कोणत्या पायवाटेने जातो हेही माहीत हवे. ही माहिती दूरच्या कोणत्या संस्थेकडे नाही. ती वाडीत आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चावंडवाडीहून गडाची चढण धरली. पायऱ्यांचा भाग संपतो तेथे, आधारासाठी, एका तोफेची नळी कातळात उभी रोवलेली आहे. हजारो हातांच्या घर्षणाने तिचे तोंड गुळगुळीत झाले आहे. स्नेह्याने सवयीने तिला धरले आणि पुढचा पाय कोठे ठेवावा म्हणून कातळाकडे निरखून पाहिले. तेथे अर्धवट उरलेल्या एका पायरीवर छिन्नीच्या तिरप्या रेषा अगदी स्वच्छ दिसत होत्या, आणि तिच्या कडेला दगड उपटला गेल्याची खरखरीत जखम. त्याने रेषेवरून बोट फिरवले. बराच वेळ तो तेथेच उभा राहिला, वर गेला नाही.

आमच्यामागून सरपणाचा भारा घेऊन एक म्हातारबाबा चढत होते. त्यांनी भारा टेकवला, कोठले म्हणून चौकशी केली आणि हा मुलगा येथे राहायला येण्याच्या विचारात आहे हे ऐकल्यावर जराही आश्चर्य न दाखवता म्हणाले, “जागा बघायची तर उन्हाळ्यात बघू नये. एक आखाड आन् एक सरावन इथं काढा. पानी कुठनं येतं ते बघा. मग बोला.”

आज तो जुन्नर कसब्यात, जुन्या पेठेतल्या एका माडीवर भाड्याने राहतो. जागा घेण्याची घाई त्याने सोडली आहे. आषाढ सुरू झाला की दर शनिवारी तो चावंडवाडीला जातो, म्हातारबाबांच्या बरोबर खाचराच्या बांधावर बसतो आणि ओढ्याचे पाणी कोठपर्यंत चढले याची खूण वहीत करतो.